सागावर साग
शेजारच्या फ्लॅटमध्ये लॅमिनेट चिकटवायच्या गोंदाचा उग्र वास सुटला की माझं डोकं आजही फिरतं. खराडीत घर घेतलं तेव्हा मी हट्टच धरला होता, स्वयंपाकघरासाठी नवीन झाड कापायचं नाही. पाडलेल्या घरांचे सागाचे दरवाजे शोधत आठवडाभर लाकूडबाजारात धूळ खाल्ली, ते घरी आणले आणि सुतारकाकांना बजावलं, "याचीच कपाटं करा. खिळ्यांची भोकंसुद्धा दिसू द्या." त्यांनी मान डोलावली. मी कंपनीच्या कामाला चार दिवस हैदराबादला गेले. परत येऊन बघते तर सगळं चकचकीत! त्या जुन्या सागावर वरपासून खालपर्यंत लॅमिनेट, आणि तेही सागाच्या रेषा छापलेलं. "काका, हे काय केलंत?" "अहो ताई, असं भोकं पडलेलं लाकूड पाहुण्यांना दिसलं तर माझी अब्रू गेली असती. तुम्हाला साग आवडतो ना, म्हणून डिझाइन मुद्दाम सागाचंच निवडलं." काढा म्हटलं, तर अभिमानाने म्हणाले, "आता निघायचं नाही ते. पक्कं बसवलंय." खरंच निघालं नाही. आजही पाहुणे कपाटांवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "अगदी खऱ्या सागासारखं दिसतं हो!" आत खराच आहे, हे सांगणं मी केव्हाच सोडून दिलंय.