पोह्यांवरचा खोबऱ्याचा तुकडा

अकोल्याच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात मी पहिली आले होते. तशी परीक्षा नव्हतीच. शेवटच्या दिवशी प्रश्नांचा एक कागद वाटला होता आणि शेजारणीचं बघून लिहायला कुणाची ना नव्हती. तरी पहिली आले, आणि परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत ते प्रमाणपत्र मांडीवर उघडं ठेवून बसले, बाजूच्या बाईंना दिसावं म्हणून. त्या बाई झोपल्या होत्या. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची, अमरावतीच्या एका दवाखान्यात वॉर्डाची सिस्टर. आता आजी झाले आहे, त्यामुळे त्या पोरीला नावं ठेवायचा मला पुरता हक्क आहे.

प्रशिक्षण होतं पेशंटच्या चालीरीती, श्रद्धा, खाणंपिणं समजून घेऊन त्याची शुश्रूषा कशी करावी याचं. पडद्यावर एकमेकांत गुंतलेली पाच वर्तुळं होती. आपल्या मनात आधीच काय भरून ठेवलंय त्याची जाणीव, समोरच्याच्या रीतीची माहिती, विचारपूस करायचं कौशल्य, प्रत्यक्ष भेटीगाठी आणि मनापासूनची इच्छा. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "पहिलं वर्तुळ सगळ्यांत अवघड जातं." मी वहीत त्या पहिल्या वर्तुळापुढे तिथल्या तिथे बरोबरची खूण करून टाकली.

येताना कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा आणला. पेशंट दाखल झाला की त्याला विचारून भरायचा. मी कामाला लागले. मेळघाटातून आलेल्या कोरकू बाईसाठी तिची बोली जाणणारी आया दुसऱ्या वॉर्डातून बोलावली. एका मुस्लिम आजींची खाट नमाजाची दिशा धरून फिरवली, तर त्यांनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मोठे डॉक्टर राउंडला म्हणाले, "वा सिस्टर!" तेवढं पुरेसं झालं. त्यानंतर मी वॉर्डात चालायचे ती जमिनीपासून चार बोटं वरूनच.

अशात धामणगाव रेल्वेकडच्या एका खेड्यातून एक आजी दाखल झाल्या. कास्तकाराघरच्या, नऊवारी लुगडं, कपाळ रुंद, आवाज अगदी हळू. साखरेच्या आजारानं पायाचं एक बोट सडलं होतं, ते काढायचं होतं. बरोबर त्यांची सून. आजींनी मला बघताच हात जोडले आणि म्हणाल्या, "दंडवत, बाई." मी मनात म्हटलं, काय जुन्या वळणाची माणसं! आणि खिशातून पेन काढून फॉर्म भरला. आजींना न विचारता, टेबलाशी उभ्या उभ्या. रीतीभाती, खाण्यातली पथ्यं, धार्मिक गरजा, या सगळ्या रकान्यांवरून एकच आडवी रेघ ओढली आणि वर लिहिलं : "आपल्यातलेच. विशेष काही नाही."

ऑपरेशन नीट झालं. दुसरी सकाळ मंगळवारची होती. माझं माहेर भिक्षुकाचं, त्यामुळे मंगळवारी देवीचं दर्शन घेऊन ड्यूटीवर यायचं आणि प्रसादाचं खोबरं वॉर्डात वाटायचं हा माझा जुना शिरस्ता. "आपल्यातल्या" पेशंटांनाच हो, बाकीच्यांना नाही. प्रशिक्षण घेतलं होतं ना मी! सुनबाई राजापेठेत नातलगांकडे अंघोळीला आणि भाकरी आणायला गेली होती. मी आजींना इन्सुलिन टोचलं, नाश्त्याचं ताट पुढे सरकवलं आणि पोह्यांवर मायेनं खोबऱ्याचा एक तुकडा ठेवला. "देवीचा प्रसाद आहे, आजी. आता पाय लवकर भरून येईल."

आजींनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ताट हळूच बाजूला केलं.

"खा ना आजी, इन्सुलिन दिलंय."

"राहू द्या, बाई."

मला वाटलं, मंगळवारचा उपास असणार. विचारायची गरजच काय, मला सगळं ठाऊक होतं! धावत कँटीनमध्ये गेले आणि भगर घेऊन आले. "घ्या, उपासाचं आणलं."

आजी चक्क हसल्या. "तुमी लय कष्ट घेता. पन राहू द्या."

इन्सुलिन पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, आपलं काम करत जातं. मी हे कितीतरी वर्षं नव्या पोरींना शिकवत आले होते. आणि त्या दिवशी दोन खाटा पलीकडे कुणाचं तरी सलाईन बदलत बसले, म्हातारी रुसली असेल, भूक लागली की खाईल म्हणून.

सून डबा घेऊन आली तेव्हा आजींच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि बोटं थरथरत होती. सुनेनं ताट पाहिलं, खोबरं पाहिलं, आणि तोंड उघडलं. आजींनी तिचं मनगट धरलं. "गप, वं."

मी त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर पाहिली, ती फारच खाली गेली होती. कपाटातली साखर पाण्यात कालवून आणली, आजींच्या ओठांना पेला लावला. ओठ मिटलेले. डोळे जड होत होते, तरी ओठ मिटलेले. मी जवळजवळ ओरडलेच, "आजी, हे नाही घेतलं तर बेशुद्ध पडाल!"

तेव्हा सून रडत बोलली. "अवो सिस्टर, आमी महानुभाव हाओ! आमच्या देवाबिगर दुसऱ्या देवाचं आमाले चालत नाई. त्या हातानं परसाद वाटला तुमी, त्या हातचं आता त्या कशा घेतीन?"

महानुभाव! त्यांचं मोठं तीर्थ रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यात. त्या रस्त्यानं मी शंभरदा गेले असेन. पण माझ्या डोक्यात महानुभाव म्हणजे काळी वस्त्रं घातलेले साधू. आपल्यासारखं लुगडं नेसून, आपल्यासारखी ज्वारीची भाकरी खाऊन, शेजारच्या घरात राहणारी माणसंही त्या पंथाची असतात, हे मला त्या सकाळपर्यंत सुचलंच नव्हतं. "दंडवत" हा त्यांचा एकमेकांना भेटतानाचा नमस्कार, तो मी नुसता कानानं ऐकला होता, बस.

मी ड्रॉवरमधून ग्लुकोजचं बंद पाकीट काढलं आणि सुनेच्या हातात दिलं. माझे हात मी पाठीमागे धरले, शाळेतल्या चुकार पोरीसारखे. "आजी, हे कारखान्यातून सीलबंद आलंय. कोणत्याच देवापुढे ठेवलेलं नाही. सुनबाईच पेला धुतील, त्याच कालवतील. चालेल का?"

आजींनी सीलकडे निरखून पाहिलं. त्या अवस्थेत! मग मान हलवली.

सुनेनं पेला दोनदा धुतला. मी दुसऱ्यांदा धुताना तिला घाई करणार होते, पण जीभ चावली. आजी घोट घोट करून सगळं प्यायल्या. सलाईन लावायला डॉक्टर येईपर्यंत बोटांची थरथर कमी झाली होती.

सून आजींवर चिडून म्हणाली, "काहून सांगतलं नाई तुमी? जीव गेला असता म्हंजे?"

आजी माझ्याकडे बघत तिला म्हणाल्या, "मायेनं देलं तिनं. थे तिच्या देवाचं हाय. नाई म्हटलं असतं तं तिले वाईट वाटलं असतं. तिचा मंगळवार काहून खराब करा?"

साखर उतरत चाललीय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, आणि ही बाई आपला देवही सोडत नाही आणि माझ्या देवाचा मानही मोडत नाही! दोन्ही सांभाळायला तिच्याकडे फक्त गप्प राहणं होतं, तर ती जिवावर गप्प राहिली. शाळेची पायरी न चढलेली बाई. तिनं माझ्याकडे एकदा नजर टाकली होती आणि माझं घर, माझा वार, माझा भाबडेपणा सगळं ओळखून घेतलं होतं. मी आयुष्यात खूप धीट पेशंट पाहिलेत. असं काही त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मी स्टूल ओढून बसले. "आजी, आता मला सांगा. तुम्हाला काय चालतं, काय नाही."

"आता इचारता?"

"आता विचारते. सकाळीच विचारायला हवं होतं."

"सकाऊन इचारलं असतं, तरी म्या सांगतलं असतं का, काय मालूम," आजी म्हणाल्या. "पन इचारा. कोनी इचारलं म्हंजे बरं वाटते."

मग त्या सांगत राहिल्या, आणि सून डबा उघडत राहिली. सकाळी आधी देवाचं स्मरण, मग पहिला घास. कुणाच्या हातचं चालतं, कुठलं पाणी. मध्येच त्यांनीही मला विचारलं, "तुमच्या देवीले नारळच काहून लागते?" मी भिक्षुकाची पोर, पण मला धड सांगता आलं नाही. त्या खूप हसल्या. सुनेनं भाकरीचा तुकडा वांग्याच्या भाजीत बुडवून पुढे केला. आजींनी डोळे मिटले, ओठ थोडे हलले, आणि त्यांनी पहिला घास घेतला. मी घड्याळ बघायचं विसरून त्यांचं चावणं बघत बसले.