मेण न चिकटणारे हात

कोणाला कोयता द्यायचा तर जिव्या तो जमिनीवर ठेवून द्यायचा. विडी घ्यायची तर पानावर. रामराम दुरून. बोलताना तळवे मांड्यांना पुसत राहायचा. ओट्यावरून उठला की मागे दोन ओले ठसे राहायचे.

जिव्या जामसरचा. नागली पिकवायचा, फुंकून वाजवायचे तारपे बनवायचा. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. सांधे मेणाने बंद. त्याच्या तारप्यातून कधी वारा सुटला नाही.

मी बी.ए. होऊन जव्हारला मास्तर झालो, तेव्हा एका दुपारी तो शाळेत आला. सूर्यमाळच्या रामीशी त्याला लग्न करायचं होतं. तिच्या बापाला होकार हातात हात घेऊनच द्यायचा होता, आणि ओल्या हाताच्या माणसाला भूत धरतं असं म्हातारा मानायचा. भगताकडे दोन कोंबड्या गेल्या होत्या, हात तसेच.

“मास्तर, एवढं शिकलास,” जिव्या म्हणाला, “माझे हात सुकव.”

मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, झोपेत घाम येतो का? आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो दुपारी झोपला, मी शेजारी बसलो. तळवा उलटून पाहिला. कोरडा.

डॉक्टर हसले. भूत असतं तर झोपेतही सोडलं नसतं, म्हणाले. जागेपणी त्याच्या तळव्यांना घाम जास्त सुटतो, आणि त्याचीच धास्ती घेतली की आणखी. मुळापासून जाणार नाही. तुरटीच्या पाण्यात रोज हात बुडवले तर आटोक्यात राहील.

वीस दिवसांत हात सुकले. भर बाजारात त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग तो रामीच्या पाड्यासाठी तारपा करायला बसला. मेण बोटांना चिकटू लागलं. बोट उचललं की सांधा उघडा. ओल्या हातांना मेण चिकटत नाही, म्हणून आजवर त्याचे सांधे गुळगुळीत बसायचे. हे त्याला तेव्हा कळलं. त्याने तुरटीचं पाणी ओतून दिलं. चार दिवस थांबला, तारपा पुरा केला आणि तसेच ओले हात घेऊन सूर्यमाळला गेला. मी सोबत होतो.

बापाने हात मागे घेतला.

रामी दारातून म्हणाली, “बाबा, याच हातांनी वारा कोंडलाय. भुताला जमलं असतं?”

म्हाताऱ्याने तारपा वाजवून पाहिला. मग जिव्याचा हात घेतला, आणि नंतर आपला धोतराला पुसला. रामी खूप हसली.

त्याला दोन पावसाळे झाले. यंदाच्या तापाच्या साथीत जिव्या तीन दिवसांत गेला. मला अजून ते खरं वाटत नाही.

परवा रामीने माळ्यावरून एक तारपा काढला. भात कापणीला आलं की वाजवायचा म्हणून जिव्याने करायला घेतलेला. नळ्या बांधून झाल्या होत्या. वरचा सांधा बंद होता. खालचा उघडा, आणि त्याच्यासाठीचं मेण शेजारी पानात गुंडाळलेलं.