अठरा उलटी बटनं

"पोरीनं सगळी बटनं उलटी बसवलीत की हो," वायरमन आतून म्हणाला.

मी दाराबाहेर चहाचा ट्रे धरून उभी होते. आत माझे थोरले चुलते हसले. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो. "मी म्हणलं न्हवतं? इंग्रजी शाळेत शिकली, पण बटन सुलटं का उलटं, ते कळंना."

वायरमनला त्यांनीच बोलावलं होतं. वेचणी होऊन आलेला कापूस त्या वर्षी कुंभार पिंपळगावच्या आमच्या घरात, माझ्या खोलीच्या शेजारी, छतापर्यंत रचला होता. कापसाला लागून हिच्या वायरी नकोत, असं मोठ्या बाबांचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काही नव्हतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मधला मार्ग काढला. जाणत्या माणसाला बघू द्यायचं. तो धोका आहे म्हणाला, तर आजच्या आज मोडून खोली रिकामी करायची.

मोडायचं होतं ते माझं कॉकपिट. प्रवासी विमानात पायलट बसतात ती जागा मी माझ्या खोलीत उभी केली होती.

औरंगाबादचं कॉलेज संपवून घरी आले तेव्हा सोबत एक कॉम्प्युटर आणि विमान उडवायच्या खेळाची सीडी होती. कीबोर्डची बटनं दाबून एवढं मोठं विमान उडवणं मला खोटं वाटायचं. मी एकेक वस्तू जमवत गेले. खुर्ची शहागडला हायवेवर मोडीत निघालेल्या जीपची. हातातलं चक्र शेतातल्या पाइपलाइनचे उरलेले तुकडे आणि एल्बो जोडून केलेलं. इंजिनांचा दांडा जुन्या ट्रॅक्टरचा, हातानं रेस वाढवायचा. प्लायवुडच्या फळ्यांना फाटकाचा उरलेला करडा रंग. एक बिघडलेला कीबोर्ड उघडून त्याच्या सर्किटला मी बारीक वायरी सोल्डर केल्या आणि त्या फळीवरच्या बटनांना नेऊन जोडल्या. बटनांचे छोटे दिवे लावायला बॅटरी हवी होती. मी कुणाला बोलले नव्हते. एका सकाळी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी माझ्या दाराशी ठेवलेली दिसली. आप्पा शेतात निघून गेले होते.

घरात चेष्टा चालायचीच. "आज कुठं उतरलं विमान? परतूरला थांबा हाय का न्हाई?" मोठे बाबा जेवताना विचारायचे. सगळे हसायचे. मी भाकरी मोडत राहायचे. खरं उत्तर तयार असायचं: हैदराबादला उतरले, समोरून वारा होता, आणि चार वाजता लाइट जाते म्हणून दहा मिनिटं आधी उतरवलं.

उत्तर न देण्याची सवय जुनी होती. शाळेत मराठीत बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. सुट्टीत घरी आले की चुलतभावंडं माझ्या पुस्तकी मराठीची नक्कल करायची. मी दोन भाषांत गप्प राहायला शिकले. कुणी काही सांगितलं की मान हलवायची आणि मग एकटी असताना आपल्याला हवं तसं करून घ्यायचं. असं कितीतरी सांभाळता येतं. कॉकपिटही मी तसंच बांधलं होतं.

आता त्या बटनांबद्दल. वायरमनच्या आधी ती चूक मीच केली होती. जालन्याच्या सायबर कॅफेतून आणलेल्या फोटोत समोरच्या फळीवरचे सगळे खटके खाली होते. आपल्याकडे भिंतीवरचं बटन खाली केलं की दिवा लागतो. त्या हिशेबानं मी अठराच्या अठरा बटनं खाली केली की चालू होतील अशी जोडली. पुढं महिनाभरानं दुसरा फोटो मिळाला, उडत्या विमानातला. सगळे पडदे उजळलेले आणि तेच खटके वर. मग पहिला फोटो पुन्हा पाहिला. त्यात पडदे काळे होते. ते विमान बंद करून उभं ठेवलेलं होतं. विमानाला आमच्या घराची सवय नव्हती. मी सगळी बटनं काढून, वायरी तोडून, पुन्हा सोल्डर केली. त्यात दोन दिवस गेले आणि एक बोट भाजलं; नट ढिला करून बटन नुसतं फिरवलं तरी चालतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी ट्रे घेऊन आत गेले. वायरमन चपला बाहेर काढून जीपच्या खुर्चीत बसला होता, देवळात बसावं तसा.

"धोका म्हणाल तर काही न्हाई," तो म्हणाला. "दिवे बॅटरीवर हायेत. प्लगची अर्थिंग बी बराबर हाय. पोरीचा हात साफ हाय. पण वर केलं की चालू? उद्या घरातलं कुणी बंद करायला गेलं अन् चालू करून बसलं, मंग? पंधरा मिनटात सरळ करून देतो. नट ढिला करायचा अन् बटन फिरवायचं."

"करा सरळ," मोठे बाबा म्हणाले. "सरळ झालं तर राहू द्या तिचं विमान. न्हाई तर खोली मला रिकामी पोती, बारदाना ठेवायला पायजेच."

भिंतीशी उभ्या आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि हलकी मान हलवली. खोली वाचली होती. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसत होतं.

मला फक्त कप पुढं करायचे होते. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तासाभरात अठरा बटनं पुन्हा फिरवली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता. पण मग या घरात कायमचं हेच राहिलं असतं, की पोरीनं उलटं बसवलं होतं आणि वायरमननं येऊन सरळ केलं.

त्यानं पहिल्या नटाला पाना लावला. मी ट्रे कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवला. कप एकमेकांवर वाजले आणि तिघांनी माझ्याकडं पाहिलं.

"काका, पाना काढा," मी म्हणाले. "ती उलटी नाहीत. विमानात वर म्हणजे चालू, म्हणून मी तशी बसवली आहेत. मोठे बाबा, बारदान्याला खोली हवी असेल तर घ्या, मी हे अंगणात मांडीन. पण यातलं एकही बटन फिरवायचं नाही."