दसऱ्याचा रंग आणि रेडिओची खरखर

पहिली मोटार सुरू केली आणि पंचायतीच्या रेडिओतला बातम्या सांगणारा माणूस खरखरीत बुडाला. दुसरी लावली, तेव्हा तो उरलाच नाही.

"रोज असंच होऊन राह्यलं, बाई," शेवंता म्हणाली. मंगरूळपीरजवळच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या त्या जिनिंग कारखान्यात ती संध्याकाळच्या पाळीला होती. गावाला बातम्या आणि बाजारभाव ऐकू येईनात, म्हणून पंचायतीने मालकाला बजावलं होतं: सोमवारपर्यंत खरखर थांबवा, नाहीतर संध्याकाळी मोटारी बंद. मोटारी बंद म्हणजे शेवंतासारख्या बायांची पाळी बंद. मी शनिवारी पोचले आणि आधी रेडिओच कारखान्याच्या आवारात मागवून घेतला.

वाशीमला आमचं मोटारदुरुस्तीचं दुकान आहे. नवऱ्याला मोतीबिंदू झाल्यापासून पॅनेल मी जोडते. पॅनेल म्हणजे मोटारी चालू-बंद करणारं लोखंडी कपाट. त्यात ठिणग्या उडतात आणि रेडिओ त्या ऐकतो. कपाट अर्थिंगला, म्हणजे जमिनीत पुरलेल्या पत्र्याला, नीट जोडलेलं असेल तर बरीचशी खरखर आतच राहते.

आधी ठिणग्या उडतात तिथे त्या दाबणारे कंडेन्सर लावले. फरक थोडा. मग फाटकावरच्या घंटेची तार पाहिली. फोरमन किसनरावांनी ती मोटारीच्या तारांसोबत एकाच जुडग्यात बांधली होती, वेणीसारखी सुबक. ती आतली खरखर उचलून थेट बाहेर नेत होती. ती सोडवून कपाटाच्या दुसऱ्या कडेने नेली. खरखर निम्म्यावर आली, पण भाव काही समजेनात.

मेन स्विच पाडला. बॅटरी आणि बल्ब घेऊन कपाटापासून अर्थिंगच्या तारेपर्यंत तपासलं. बल्ब लागला नाही, म्हणजे जोड कुठेतरी तुटला होता. तार तर बोल्टने घट्ट बसवलेली. कपाट मात्र हिरवंगार, नवं दिसत होतं. मी किसनरावांना रंगाचं विचारलं.

"दसऱ्याचा हाय. पूजेआधी दरसाल देतो. औंदा त बोल्ट खोलून त्याच्या खाली बी देला."

रंगातून वीज जात नाही. मी कानस काढली.

"पूजेचा रंग खरवडू नका, बाई. हंगामाले बाधन ते."

मी सांगितलं की खरवडल्याशिवाय दुसरा उपाय नाही. ते बोल्टसमोरून हलेनात. रेडिओजवळ बसलेली शेवंता तिथूनच म्हणाली, "सोमवारपासून आमी घरी बसलो, त बाधलंच न, किसनभाऊ?"

किसनराव बोल्टकडे वळले. बोल्ट त्यांनी स्वतः खोलला. कपाटाला हात लावून तो कपाळाला लावला, माझ्या हातातली कानस घेतली आणि लोखंड चमकेपर्यंत घासलं. बोल्ट पुन्हा आवळला. बल्ब लागला.

एकेक करत सगळ्या मोटारी सुरू केल्या. शेवंता रेडिओला कान लावून बसली होती.

"कापसाचा भाव सांगून राह्यला," ती म्हणाली. "अमरावतीचा."

सोमवारी पंच ऐकून गेले. पाळी राहिली.

पुढच्या दसऱ्याला किसनरावांनी कपाट पुन्हा रंगवलं. बोल्टखाली हात घातला नाही, वरून झेंडूचं फूल ठेवलं. रंगाला माझी हरकत नाही. तो बाहेरून द्यावा.