लवंगेच्या तेलाचा बोळा

लवंगेच्या तेलाचा वास आला की अजून डोकं फिरतं. सातवीतून शाळा सोडून मी मामांबरोबर कोलकात्याला सोनं गाळायच्या कामावर आलो. तेजाबाच्या वाफेनं दात झिजले, गार पाण्यानंही कळ मस्तकात जायची. मामा दाताला लवंगेच्या तेलाचा बोळा लावून म्हणायचे, "गलाईवाल्याचे दात असेच. सोस." एक दिवस कळ थांबली. मामांनी हौसेनं रसगुल्ला खायला लावला, "बघ, झाला बरा!" पुढे गाल सुजला तेव्हा डमडमच्या दवाखान्यातली डॉक्टरीण त्यांच्यावरच उखडली, "दर्द गया, क्योंकि भीतर नस मर गया!" माझ्याही तोंडाशी मामांसाठी शिव्या आल्या होत्या. पण ज्यानं पोटापाण्याला लावलं, त्याला कसं बोलणार? आता माझी भट्टी आहे. कुणी गाल धरून "सोसतो" म्हणालं, की तो सगळा राग त्याच्यावर निघतो, "सोसू नकोस, मूर्खा! आधी दवाखान्यात चल!"