डावीकडचा आवाज

आईचं तेरावं झालं, जेवून लोक गेले आणि त्याच संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "ती ट्रंक काढ. कॅसेट आहे तिच्यात."

कुठली, हे मला विचारावं लागलं नाही. माझ्या धाकट्या भावाच्या आवाजाची आमच्याकडे ती एकच कॅसेट. काविळीने तो गेला तेव्हा त्याची मुंज नुकतीच झाली होती. बाबांनी इथे काशीत, मणिकर्णिका घाटावर, स्वतःच्या हाताने त्याला अग्नी दिला. ते घरी आले तेव्हा आई कॅसेट ट्रंकेत टाकत होती. म्हणाली, "मी आहे तोवर हा आवाज घरात नको." ती होती तोवर ट्रंकेला हात लावायची कोणाची टाप नव्हती. आता बाबा नव्वदीला टेकलेत. एकदा त्याला ऐकतो आणि मग जायला मोकळा, असं ते दूधवाल्याशी बोलावं इतक्या सहज बोलतात. मला ऐकवत नाही.

ती कॅसेट भरली गेली मामामुळे. मामा परदेशातून स्टीरिओ घेऊन आला होता: जाडजूड रिसीव्हर, टेप डेक, दोन स्पीकर, दोन माइक. आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून ते धूड मजुराच्या डोक्यावरून घरी आलं. बाबा वेदपाठी, घरात रोज संथा. संथेत गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. मामाने उजवा माइक बाबांपुढे ठेवला, डावा धाकट्यापुढे. दोन्ही एकदम चालू राहिले की घुमतं, म्हणून ज्याने म्हणायचं त्याने आपलं बटण वर करायचं, झालं की खाली, अशी शिस्त लावून दिली. धाकटा आंघोळ करून, रेशमी कद नेसून असा काही भाव खात बसायचा! बटण वर करताना माझ्याकडे बघून जीभ दाखवायचा. मुलींना संथा नव्हती, मी दारात. लांबलचक ओळ आली की त्याचा दम पुरायचा नाही आणि मध्येच, नेमका नको तिथे, तो हुपकन श्वास घ्यायचा. बाबा पाटावर बोट आपटायचे. "परत."

तर रिसीव्हर पुसून मी आधी रेडिओ लावला. उजवा स्पीकर बोलायला लागला, डावा ठार मुका. सगळा जन्म मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलंय, म्हटलं हे काय, चुटकीसरशी होईल. कसलं काय! मागच्या तारा उलटसुलट लावून पाहिल्या, तर डावा बोलला आणि उजवा गप्प झाला. म्हणजे स्पीकर धडधाकट, दुखणं रिसीव्हरच्या पोटात. बाजारातल्या दुकानदाराला फोटो दाखवला, तर तो म्हणतो, "दीदी, ई त अब म्यूज़ियम में दे दीजिए." मी म्हटलं, पहले आप जाइए. तो हसला आणि कॉन्टॅक्ट साफ करायचा स्प्रे दिला.

झाकण उघडलं. स्पीकर निवडायच्या बटणात काळं काळं साचलं होतं. स्प्रे मारायचा, बटण दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. खरखर सुरू झाली. "बोल मेल्या, बोल," असं मी त्याला म्हणत होते, आणि मध्येच भस्सकन दोन्हीकडून बाजारभाव सुरू झाले. बटाट्याचा भाव ऐकून रडणारी काशीत मी पहिलीच असेन.

बाबांना हाक मारली. ते लगेच आले नाहीत. आधी आंघोळ केली, धूतवस्त्र नेसले, मग पाट मांडून डाव्या स्पीकरसमोर बसले. मी कॅसेट घातली. उजवीकडून बाबांचा तरणा आवाज आला, एक ओळ. मग नुसती सुरसुर. मग बाबांची दुसरी ओळ, मग पुन्हा सुरसुर.

"लागलं नाही वाटतं," बाबा म्हणाले. "बघ ना जरा."

मी डेकचं हेड स्पिरिटने पुसलं. डेकच्या वायरी अदलून-बदलून पाहिल्या. शेवटी भजनांची दुसरी एक कॅसेट घातली, तर टाळ डावीकडे, पेटी उजवीकडे, अगदी खणखणीत. ती काढून आपली घातली. डावीकडे काही नाही. मग मला कळलं. मशीनमध्ये आता कसलाही दोष नव्हता. टेपवर तो नव्हताच.

माझ्याच्याने सांगवेना. "एक वायर आणावी लागेल," असं काहीतरी पुटपुटले. बाबा पाटावरून उठले नाहीत.

"कोरी आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मीच प्लग काढला होता त्याच्या माइकचा."

मी हातातली वायर खाली ठेवली.

"त्याचा श्वास तुटायचा ना. चुकलेलं पठण मागे ठेवायचं नसतं. म्हटलं, पाठ पक्का झाला की भरू. त्याला कुठे माहीत, तो आपला बटण वर-खाली करत बसायचा. इतकी वर्षं वाटायचं, पुढच्या अध्यायाला मी परत खोचला असेल. नक्की आठवत नव्हतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजपर्यंत मी बाबांपुढे आवाज चढवला नव्हता. "एक चूक राहिली असती तर काय बिघडलं असतं हो?" मी ओरडले. "आईने जन्मभर काय जपलं मग? कोरी टेप?"

"काहीच बिघडलं नसतं," बाबा म्हणाले.

मी पदराने तोंड पुसत वायरी गुंडाळायला लागले. त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. पहिल्यापासून लाव."

"काय ऐकणार आहात त्यात?"

"त्याची जागा आहे ना. तो म्हणत होता तोवर मी गप्पच होतो की."

मी कॅसेट मागे नेऊन लावली. तरण्या बाबांनी एक ओळ म्हटली, मग सुरसुर. दुसरी, मग सुरसुर. बाबा डोळे मिटून बोटांनी पाटावर मात्रा मोजत होते. मग लांब ओळ आली. तिच्यापुढची सुरसुर संपेचना.

"हं," बाबा म्हणाले. "इथे अडकायचा."

त्यांनी मला टेप मागे घ्यायला लावली. लांब ओळ पुन्हा वाजली आणि सुरसुर सुरू झाल्याबरोबर बाबांनी उत्तर दिलं, शिष्यासारखं, बारीक आवाज काढून. जन्मात ज्यांचा स्वर हलला नाही, ते माझे बाबा ओळीच्या मध्येच, नेमके नको तिथे थांबले आणि त्यांनी हुपकन श्वास घेतला. मग ओळ पुरी केली.

पाटावर बोट आपटलं नाही. संथेत शिष्याने दोनदा म्हणायचं असतं, म्हणून त्यांनी ती ओळ परत म्हटली, आणि परत तिथेच चुकले.