पाय तपासले : हो

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही. तुळजापूरच्या आईपुढंही नाही, तिथं डोळे मिटून मी भलतंच काहीतरी मागून परत येतो. एरवी माझं तोंड बंद असतं, असं मात्र समजू नका. मी भाषणाला उभा राहिलो की कावळेसुद्धा ऐकायला खिडकीत येऊन बसतात, असं मीच सांगत फिरतो. आणि लोकांना ते खरं वाटतं! मग आज तुम्ही माझं किती खरं धरायचं? तुमचं तुम्ही बघा.

मी डॉक्टर आहे, वर पुन्हा संशोधक. धाराशिव जिल्ह्यातल्या शुगर-बीपीच्या माणसांची जन्मभराची काळजी गावातल्या गावात कशी घेता येईल, हा माझा विषय. माझी भाषणं एकावर एक रचली, तर वर चढून सोलापूर दिसेल. त्यातलं माझं लाडकं वाक्य : 'आधी पेशंटचे पाय बघा.' शुगर जुनी झाली की पावलं बधिर होतात. काटा मोडला तरी कळत नाही, जखम आतल्या आत पिकते. म्हणून दर भेटीला चप्पल काढायला लावायची, तळवा हातात घ्यायचा, नायलॉनचा बारीक दोरा टेकवून विचारायचं — कळतंय का? दोन मिनिटांचं काम. तरुण डॉक्टर हे वहीत लिहून घेतात. लिहा बाळांनो, लिहा!

मी पाय बघत नव्हतो.

झालं, सांगितलं. नाही, थांबा. एवढंच असतं तर मी गप्पच राहिलो असतो. एवढं पचवायची ताकद माझ्यात लई आहे.

बेंबळीच्या पुढं एका गावात माझं संशोधन चालायचं. दर महिन्याला समाजमंदिराच्या ओट्यावर शिबिर. फॉर्मच्या तळाशी शेवटचा रकाना — 'पाय तपासले : हो / नाही'. समोर गोठ्यातून उठून आलेले पाय. शेण, माती, बोट जाईल अशा भेगा. आणि मी इस्त्रीच्या शर्टात. कोण वाकणार? खुर्चीत बसूनच टिक मारायचो. हो. हो. हो. संशोधक म्हणे! थुंकावं असा शब्द आहे, पण थुंकी माझ्याच शर्टावर पडेल.

त्या गावात कोंडाबाई. साठीची, शेळ्या राखणारी, जीभ माझ्याहून धारदार. गोळ्या कधी न चुकवणारी, म्हणून माझ्या तक्त्यातली लाडकी. नवरात्राआधीच्या शिबिराला ती म्हणाली, "डाक्टर, चप्पल पायातनं कवा निसटती मला कळतच न्हाय बघा. परवा तशीच घरी आले. सून म्हन्ती, आत्या, एक चप्पल कुठं टाकली?"

बाई सांगत होती की तिचा पाय बधिर झालाय. याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? पण ओटा माणसांनी भरलेला, आणि माणसं दिसली की माझ्या जिभेला खाज सुटते. म्हणालो, "मावशी, तुमची चप्पल शहाणी! तुमच्या बडबडीला कंटाळून पळाली." ओटा फुटला हसून. कोंडाबाईही हसली, पदर तोंडाला लावून. मग हळूच म्हणाली, "दरसाली कोजागिरीला तुळजापूरला चालत जाते, अनवाणी. औंदा जाऊ का नगं?"

"जा की! चप्पल हरवायची भीतीच नाही."

पुन्हा हशा. त्या हशातच मी टिक मारली. हो.

ती गेली. वाटेत काच घुसली, तिला कळलं नाही. सुनेला वास आला, तोवर पाय काळा पडला होता. सोलापुरात गुडघ्याखाली कापला.

इथपर्यंत नुसता माज होता. भित्रेपणा पुढंच आहे. तिथल्या सर्जननं माझा फॉर्म मागवला. फॉर्म म्हणत होता, पाय तपासलेले, काही दोष नाही. म्हणजे चूक कुणाची? अडाणी बाईची. मी तिच्या घरी गेलो, तेव्हा पोरगा तिच्यावर ओरडत होता, "कुणी सांगितलं व्हतं अनवाणी मिरवायला?" कोंडाबाईनं माझ्याकडं बघितलं. आणि मी? म्हणालो, "मावशी, आमचं ऐकायला पाहिजे होतं." चहा प्यालो. दोन कप.

पुढं तर ती माझी गोष्टच झाली. 'अंधश्रद्धेनं पाय गमावलेली बाई.' दर भाषणात ती काच मोठी होत गेली. आता ती अख्ख्या बाटलीएवढी आहे, आणि त्या गोष्टीत मी हात जोडून बाईंची वाट अडवतोय. टाळ्या पडतात. वाजवणाऱ्यांची कीव येते. घेणाऱ्याची येत नाही, किळस येते.

गेल्या महिन्यात ती शिबिराला आली, नकली पाय लावून. बायकांपुढं मीच तिला बोलायला उभं केलं. होय, मीच. ती म्हणाली, "माजंच चुकलं, बायांनो. डाक्टरनी पाय बगितला व्हता."

एक म्हातारी फटकन बोलली, "कवा गं? मी शेजारीच व्हते की. तू चप्पल तरी काढली व्हतीस का?"

कोंडाबाई घुटमळली. मग म्हणाली, "कागदात हाय म्हनं. मंग बगितलाच आसंल की."

पहिली टाळी मी वाजवली.

नंतर तपासणीला ती माझ्यासमोर बसली. मी काही म्हणायच्या आत तिनं उरलेल्या पायातली चप्पल काढली आणि पाय पुढं केला. धुऊन आणला होता. सगळा ओटा बघत होता, मग मी वाकलो. खिशातून दोरा काढला, विचारलं, "मावशी, कळतंय का?"

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हणाली, "व्हय, कळतंय की."

दोरा मी अजून टेकवलाच नव्हता.